वापरकर्त्याला दिसणाऱ्या संदेशांच्या युनिट चाचण्या कशा लिहाव्यात

युनिट चाचणी म्हणजे प्रोग्रामचा एक छोटा भाग अपेक्षेप्रमाणे वागतो का, हे तपासणारा कोड. उदाहरणासाठी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकूर-फाइल) वाचणारी एक पायथन लायब्ररी घेऊ. तिचा त्रुटिसंदेश असा आहे: ‘ओळ ३: रक्कम या रकान्यात आकडा हवा, पाचशे हा मजकूर सापडला.’ चूक कुठे आहे, काय हवे होते आणि काय सापडले, या तीन गोष्टींवरच वापरकर्त्याला फाइल दुरुस्त करता येते. म्हणून चाचणीने त्या तीनच तपासाव्यात. पूर्ण वाक्याची शब्दशः तुलना फक्त एका चाचणीत ठेवावी. ती सगळीकडे केली, तर एक स्वल्पविराम बदलताच अनेक चाचण्या कोलमडतात आणि दुरुस्ती करणारा नवा मजकूर न वाचताच अपेक्षित उत्तराच्या जागी चिकटवतो.

पायटेस्ट या पायथनच्या चाचणी-साधनात अपेक्षित त्रुटी ‘रेझेस’ने तपासतात. त्याला दिलेला ‘मॅच’ हा रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुराचा नमुना, असतो, त्यामुळे त्यातील टिंब कोणत्याही अक्षराशी जुळते आणि चुकीचा संदेशही उत्तीर्ण होतो. म्हणून मजकूर आधी ‘री.एस्केप’मधून न्यावा, म्हणजे अशा चिन्हांचा खास अर्थ उरत नाही. छापले जाणारे संदेश पायटेस्टच्याच ‘कॅपसिस’ने पकडून ते एसटीडीआउटवर (नेहमीच्या आउटपुटवर) नव्हे, एसटीडीएररवर (त्रुटींसाठीच्या आउटपुटवर) गेले याचीही खात्री करावी.

मराठी संदेशांत खरी अडचण अक्षरांचीच येते. ‘तिसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ’ यूनिकोडमध्ये ०९३१ या एकाच संकेतांकाने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण तुलना फसते आणि चाचणीचा अहवाल वाचणाऱ्याला फरक दिसतच नाही. तुलनेपूर्वी दोन्ही बाजू एनएफसी या यूनिकोडच्या प्रमाणित रूपात आणल्या की हा घोळ मिटतो. मात्र र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (न दिसणारे जोडचिन्ह) आणि य असे टंकलेले ‘र्‍य’ एनएफसीने बदलत नाही. त्यासाठी सर्व संदेशांवरून फिरून हा क्रम सापडताच नापास होणारी वेगळी चाचणी लिहावी. माझ्या मते मराठी संदेश असलेल्या प्रत्येक लायब्ररीत ती असायलाच हवी.

अनेकवचनासाठी ०, १ आणि ५ या संख्या तपासाव्यात. ‘१ ओळ वाचली’, पण ‘५ ओळी वाचल्या’: नामाबरोबर क्रियापदही बदलत असल्याने संख्येनुसार एकवचनी किंवा अनेकवचनी मजकूर निवडणाऱ्या ‘एनगेटटेक्स्ट’ला सुटा शब्द न देता संपूर्ण वाक्य द्यावे.

भाषांतरांसाठी एकच चाचणी पुरते: मूळ संदेशातील महिरपी कंसांमधली नावे (ज्यांच्या जागी प्रत्यक्ष मूल्ये भरली जातात) आणि भाषांतरातील नावे यांचे संच तंतोतंत जुळले पाहिजेत. भाषांतरकाराने कंसातले नावही मराठीत लिहिले, तर प्रोग्राम नेमका त्रुटी सांगण्याच्या क्षणीच ‘कीएरर’ (नाव न सापडल्याची त्रुटी) देऊन थांबतो.