कॉन्सर्टचं परीक्षण लिहिताना कंडक्टरचं काम कसं ओळखावं

सिंफनीच्या, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या मोठ्या पाश्चात्त्य रचनांच्या, कार्यक्रमांवर मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं, त्यात कंडक्टरच्या, म्हणजे समोर उभं राहून हातांनी वाद्यवृंद चालवणाऱ्याच्या, वाट्याला बहुधा तीनच वाक्यं येतात. हात किती जोशात चालले होते, चेहरा किती तल्लीन होता, आणि शेवटी सगळं सभागृह कसं उभं राहिलं. यातलं एकही वाक्य संगीताबद्दल नाही. कंडक्टर स्वतः एकही सूर वाजवत नाही. त्याचं काम सत्तर-ऐंशी वादकांच्या आवाजातूनच ओळखावं लागतं, आणि तो आवाज एकट्या त्याचा नसतो. जे ऐकू येतं त्याला चार धनी असतात: रचनाकार, वादक, सभागृह आणि कंडक्टर. चौघांचा हिशोब वेगळा करता आला, तरच परीक्षणाला अर्थ आहे. तो कसा करायचा ते पुढे सांगितलं आहे. (पुढे ऑर्केस्ट्रा म्हणजे पाश्चात्त्य सिंफनी वाद्यवृंद. आपल्याकडे गाण्यांच्या रंगमंचीय कार्यक्रमालाही तोच शब्द रूढ आहे.)

तयारी निदान आठवडाभर आधी सुरू करा. बेथोवन, ब्राम्स, चायकोव्हस्की यांच्या सिंफनींची पूर्ण स्वरलिपी, म्हणजे स्कोअर, आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मोफत मिळतो. प्रत्येक सूर वाचता आला पाहिजे असं नाही, कोणतं वाद्य कोणत्या रेघेवर आहे आणि आत्ता आपण कुठे आहोत एवढं कळलं की पुरे. पहिल्यांदा रचना नुसती ऐका. दुसऱ्यांदा स्कोअरवर बोट ठेवून ऐका. तिसऱ्यांदा लक्ष द्यायच्या जागी खुणा करा, पण सहा ते आठच. त्याहून जास्त केल्या तर कार्यक्रमात तुम्ही खुणा शोधत बसाल आणि संगीत निसटून जाईल.

ध्वनिमुद्रणं दोन ऐका, तीही एकमेकांपेक्षा वेगळ्या स्वभावाची. एकच ऐकलं तर तेच मोजमाप होऊन बसतं आणि मंचावर जे जे वेगळं होईल ते चुकीचं वाटायला लागतं. नवख्या परीक्षणांत सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच आहे. शिवाय ध्वनिमुद्रण आणि कॉन्सर्ट यांची तुलनाच मुळात जपून करावी. स्टुडिओतल्या मुद्रणात तोच भाग पुन्हा वाजवून जोडता येतो. कंडक्टर कार्लोस क्लायबरने व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर १९७४ मध्ये मुद्रित केलेली बेथोवनची पाचवी सिंफनी अप्रतिमच आहे, पण तिच्यातल्या सफाईची अपेक्षा एका संध्याकाळच्या, एकदाच वाजणाऱ्या कार्यक्रमाकडून करणं अन्यायाचं होतं.

आता हीच पाचवी सिंफनी हातात घेऊ. ती सगळ्यांच्या ओळखीची आहे, आणि कंडक्टरचे निर्णय तिच्यात लख्ख दिसतात.

सुरुवातीच्या त्या चार सुरांनंतर विराम आहे, लगेच दुसरा. स्वरलिपीत दुसरा विराम पहिल्यापेक्षा एका बारने लांब लिहिला आहे. (बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधलं घर.) कंडक्टर तो फरक ठेवतो का, की दोन्ही सारखेच ताणतो, हे ऐका. पुढे २१व्या आणि २४व्या बारवर आणखी दोन विराम येतात. चौथा विराम संपला की संगीत कुठेही न थांबता धावतं आणि ५९व्या बारला हॉर्न या पितळी फुंकवाद्याची हाक येते. मधे बरोबर ३४ बार आहेत. लय मोजायची जागा हीच.

बेथोवनने १८१७ मध्ये या सिंफनीसाठी मेट्रोनोमचे, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे प्रसिद्ध केले. पहिल्या मूव्हमेंटचा, म्हणजे सिंफनीच्या पहिल्या भागाचा, आकडा आहे मिनिटाला १०८ बार. त्या हिशोबाने हे ३४ बार साधारण १९ सेकंदांत संपायला हवेत. २२ सेकंद लागले तर लय ९३च्या आसपास आहे, २४ लागले तर ८५. घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे एक नजर टाकून एवढं कळतं. मोबाईल काढायचा नाही, त्याचा उजेड शेजाऱ्याला आणि मागच्या रांगेला त्रास देतो. मात्र आकडा कळला म्हणजे निकाल लागला असं समजू नका. ८५ला बांधलेली लय ताणलेल्या तारेसारखी वाटू शकते, आणि १०८ला पळणारी लय पोकळ वाटू शकते. आकडा फक्त एवढं करतो की तुम्ही ‘वेगवान’ लिहाल तेव्हा तो शब्द खरा असतो.

हॉर्नच्या हाकेनंतर व्हायोलिनची मऊ ओळ येते. अनेक कंडक्टर इथे लय नकळत सैल सोडतात. चालेल, पण पुढे ती परत कशी आवळली हे महत्त्वाचं. हळूहळू आवळली तर ऐकणाऱ्याला कळतही नाही. एकदम ओढली तर वादकांचे गट क्षणभर एकमेकांपासून सुटतात, आणि ते सुटणं कंडक्टरच्या खाती जमा होतं.

हीच हाक पुनरावृत्तीच्या भागात, ३०३व्या बारला, ‘बसून’ नावाच्या लाकडी फुंकवाद्यांना दिली आहे. बेथोवनच्या काळातल्या हॉर्नना व्हॉल्व्ह (सूर बदलायच्या कळा) नव्हते, त्या पट्टीत ती हाक त्यांना नीट वाजवता आली नसती, म्हणून हा बदल असं बहुतेक जण मानतात. पुढे बऱ्याच कंडक्टरनी ती हॉर्नना परत दिली, तर काही जण लिहिल्याप्रमाणे बसूनच ठेवतात. दोन्ही निर्णयांना आधार आहे. तुम्ही कोणता ऐकला ते लिहा, कारण हा निव्वळ कंडक्टरचा निर्णय आहे. याउलट २६८व्या बारला ओबो हे फुंकवाद्य एकटं जो छोटासा आलाप घेतो, त्याचं श्रेय वादकाचं. तिथे कंडक्टरने हात खाली घेतले असतील तर तेवढंच त्याच्या बाजूने नोंदवा: त्याने जागा दिली.

या सिंफनीतली सर्वांत कठीण परीक्षा तिसऱ्या मूव्हमेंटमधून चौथीत जाताना असते. तंतुवाद्यं एक सूर धरून बसतात, टिंपनी (मोठे नगारे) अगदी हळू ठोके देत राहते, आणि आवाज वाढवायची खूण अगदी शेवटच्या काही बारांत आहे. धीर सुटलेला कंडक्टर आधीच वाढवायला लागतो. मग सी मेजरचा तो स्फोट येतो तेव्हा उरलेली वाढ फारच थोडी असते, आणि श्रोत्याला काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं पण कारण सांगता येत नाही. परीक्षणाने ते कारण सांगायचं. ट्रोंबोन, पिकोलो आणि कॉन्ट्राबसून या सिंफनीत इथेच पहिल्यांदा येतात. त्यांच्या आवाजाखाली व्हायोलिन बुडली का, हेही बघा.

चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीत ऐकायच्या जागा निराळ्या आहेत. शेवटच्या मूव्हमेंटची सुरुवातीची करुण धून कोणीच पूर्ण वाजवत नाही. एक सूर पहिल्या व्हायोलिनचा, पुढचा दुसऱ्यांचा, अशी ती दोन गटांत वाटलेली आहे. दोन्ही गट डावीकडे शेजारी बसवले तर ती सलग एकाच धुनेसारखी ऐकू येते. दुसरे व्हायोलिन उजवीकडे बसवले तर प्रत्येक सूर मंचाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे हेलकावतो. हीच धून पुढे परत येते तेव्हा ती एकट्या पहिल्या व्हायोलिनकडे असते, आणि आधीची बैठक समोरासमोरची असेल तरच हा फरक कानाला झोंबतो. म्हणून सभागृहात शिरल्यावर पहिली नोंद बैठकीची करा.

पहिल्या मूव्हमेंटच्या मध्यावर बसूनसाठी ‘पी’ सहा वेळा लिहिलेला आहे, म्हणजे ऐकू येईल न येईल इतकं हळू. बसूनला तिथे इतकं हळू वाजवणं फार अवघड जातं, म्हणून ते चार सूर बेस क्लॅरिनेटला देण्याची प्रथा पडली आहे. स्कोअरमध्ये ते वाद्य नाहीच. लगेच पुढच्या बारला सगळा ऑर्केस्ट्रा कोसळतो. हळू बाजू खरोखर हळू ठेवली असेल तर श्रोते खुर्चीत दचकतात.

तिसरी मूव्हमेंट दणक्यात संपते आणि टाळ्या पडतात. त्यासाठी श्रोत्यांना नावं ठेवू नका, संगीतच तसं आहे. कंडक्टर हात वर ठेवून लगेच चौथी सुरू करतो, की टाळ्या संपायची वाट पाहतो, ते नोंदवा. आणि अगदी शेवटी, चेलो आणि डबल बेस विरून गेल्यावर, हात खाली येईपर्यंत किती सेकंद शांतता टिकली तेही लिहून ठेवा.

बसायला पहिल्या पाच-सहा रांगा टाळा. तिथे जवळची तंतुवाद्यं जास्त ऐकू येतात आणि मागची फुंकवाद्यं डोक्यावरून जातात. मधल्या रांगा किंवा बाल्कनीची पुढची रांग उत्तम. मुंबईत एनसीपीएचं (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) जमशेद भाभा थिएटर ऑपेरा आणि नृत्यासाठीही वापरलं जातं, त्यामुळे तिथला आवाज खास कॉन्सर्ट हॉलसारखा घुमेल अशी अपेक्षा धरू नये. तो कोरडेपणा कंडक्टरच्या माथी मारणं चूक. शक्य असेल तर मध्यंतरानंतर जागा बदला. दुसरीकडूनही ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यांचा आवाज, तितकाच जड वाटला, तरच तो दोष संतुलनाचा.

हिंदुस्तानी संगीतावर तयार झालेल्या कानाला आणखी एक सावधगिरी हवी. आपल्याला समेवर ठोका आणि सूर एकत्र येण्याची सवय असते. इथे कंडक्टरचा हात खाली येतो आणि आवाज क्षणभर मागून येतो. जर्मन आणि ऑस्ट्रियन ऑर्केस्ट्रांमध्ये हे अंतर चांगलंच जाणवतं. तो बेतालपणा नव्हे. सगळे वादक एकमेकांबरोबर आहेत का, एवढंच पाहायचं.

चुका कोणाच्या खाती घालायच्या? हॉर्नचा एखादा सूर फुटला तर ते त्या वाद्याचं स्वाभाविक संकट आहे. एका ओळीपेक्षा जास्त जागा देऊ नका, आणि वादकाचं नाव तर घालूच नका. पण प्रत्येक लयबदलाला तोच गट मागे पडत असेल तर इशारा स्पष्ट नाही किंवा सराव कमी पडला आहे. पाहुण्या कंडक्टरला सरावाच्या मोजक्याच बैठका मिळतात. किती मिळाल्या हे आयोजकांना सरळ विचारा. २००६ मध्ये सुरू झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियात इथल्या वादकांबरोबर परदेशातून आलेले वादकही वाजवतात. अशा चमूला काही दिवसांत एकजीव करणं हे कंडक्टरचं मोठं काम, आणि साधलं असेल तर त्याची कदर शब्दांत यायला हवी.

कन्चेर्तो, म्हणजे एकल वादक आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, असेल तर हिशोब पाचव्या धन्याचाही, म्हणजे एकल वादकाचाही, करावा लागतो. ६ एप्रिल १९६२ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पियानोवादक ग्लेन गूल्ड ब्राम्सचा पहिला पियानो कन्चेर्तो वाजवणार होता. सुरुवातीपूर्वी कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइनने श्रोत्यांना सांगितलं की ही अतिशय संथ लय आपल्याला पटलेली नाही, तरी आपण साथ करणार आहोत. न्यूयॉर्क टाइम्सचा समीक्षक हॅरोल्ड शोनबर्गने त्यावर लिहिताना गूल्ड संथ वाजवतो कारण त्याचं तंत्र कमी पडतं असं सुचवलं. समीक्षक इथे घसरला असं आमचं ठाम मत आहे. लय संथ होती हे ऐकू येतं, ती का संथ ठेवली हे ऐकू येत नाही. कारण माहीत नसेल तर परिणाम लिहून थांबावं.

लिहायला त्याच रात्री बसा. ५०० ते ६०० शब्द पुरतात. ‘कंडक्टरने पाचवी सिंफनी अतिशय ऊर्जेने सादर केली’ हे वाक्य कोणत्याही कार्यक्रमाला लागू पडतं, म्हणून निकामी. त्याऐवजी असं लिहा: ‘पहिली मूव्हमेंट त्यांनी बेथोवनच्या आकड्याच्या जवळ ठेवली आणि व्हायोलिनच्या मऊ ओळीलाही सवलत दिली नाही, त्यामुळे हळवेपणा गेला पण ताण शेवटपर्यंत टिकला.’ यात काय केलं, काय गमावलं आणि काय मिळालं, हे तिन्ही आलं आहे. हातवाऱ्यांचं वर्णन करायचं तर त्याच्यापुढे आवाजात काय बदललं ते त्याच वाक्यात आलं पाहिजे. डावा हात खाली दाबला आणि ट्रोंबोन खरंच उतरले, तर लिहा. उतरले नाहीत, तरीही लिहा.

एखाद्या कंडक्टरबद्दल समीक्षक एकूण काय म्हणत आले, हे मांडायचं असेल तर निवडक वाक्यं गोळा करून भागत नाही. जाहिरातीतल्या अवतरणांत तीन टिंबं दिसली की मूळ परीक्षण शोधून काढा. तोच कार्यक्रम कित्येकदा एकाहून जास्त रात्री वाजतो, म्हणून तारीख जुळवा, आणि एकाच रात्रीची निदान तीन परीक्षणं शेजारी ठेवा. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता १९७८ ते १९९१ अशी १३ वर्षं न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत संचालक होते. तिथल्या काही समीक्षकांचा सूर त्या काळात बराच कडक राहिला, तर व्हिएन्नाने त्यांना नववर्षाच्या कॉन्सर्टसाठी १९९० ते २०१५ दरम्यान पाच वेळा बोलावलं. यातलं एकच टोक उचललं तर चित्र खोटं होतं. कोणत्या शहरात, कोणत्या रचनेवर, कोणत्या वर्षी, असे रकाने आखून नोंदी भरा. नुकत्याच गेलेल्या संचालकाशी तुलना चालू आहे का तेही पाहा. मेहतांच्या आधी तिथे पिएर बूलेझ होते, आणि दोघांचे स्वभाव अगदी वेगळे.

पाठवण्यापूर्वी रचनाकार, क्रमांक, मूव्हमेंट, एकल वादकाचं नाव आणि तारीख छापील कार्यक्रमपत्रिकेशी ताडून पाहा. एन्कोर, म्हणजे टाळ्यांनंतर वाजवलेली जादा रचना, पत्रिकेत नसतो. तो ओळखू आला नाही तर अंदाजाने नाव देऊ नका, बाहेर पडताना एखाद्या वादकाला विचारा. ते आनंदाने सांगतात.