बुटात खालून पाणी यायचं, शेवटी सापडलं कुठून ते

वेल्टवाले (म्हणजे वरचं चामडं आणि सोल जोडणारी, कडेने शिवलेली पट्टी असलेले) लेदर बूट आहेत माझे, वरून कितीही मेण लावलं तरी पावसात मोजे ओलेच, म्हणून शेवटी बूट शिवणाऱ्या काकांकडून सोल उघडवला. इनसोल (पायाखालचा आतला थर) आणि सोलच्या मधलं फेल्ट (नमद्यासारखं जाड कापड) स्पंजसारखं पाणी पिऊन बसलेलं, आणि पाणी शिरत होतं वेल्टच्या टाक्यांतून!

फेल्ट काढून टाकलं आणि बूट 2 दिवस सावलीत वाळवले (हीटरजवळ अजिबात नको, चामडं कडक होऊन तडकतं). मग 3 मिमी कॉर्क चिकटवला, मेणवलेल्या दोऱ्याने परत शिवलं आणि मेण फक्त बाहेरून टाक्यांवर चोळलं, कारण आत मेण लागलं की सोल्यूशन (चिकटवायचा गोंद) धरतच नाही. आता अख्खा जुलै मोजे कोरडे, खूप बरं वाटतंय.