जुन्या लाकडी मोटर यॉटची दुरुस्ती: काय आधी, काय शेवटी

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या दशकात ब्रिटनमध्ये श्रीमंतांच्या हौसेसाठी बांधलेल्या मोटर यॉटपैकी बऱ्याच आजही तग धरून आहेत. लांबी साधारण ४५ ते ६० फूट, ओकच्या बरगड्या, त्यांवर सागवानाच्या किंवा पिच पाइनच्या फळ्या, सागवानी केबिन आणि पोटात दोन डिझेल इंजिनं, असा त्यांचा थाट. अशा काही बोटी १९४० च्या मे-जूनमध्ये फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैनिक आणायलाही गेल्या होत्या. नदीकाठी ताडपत्रीखाली पडलेली अशी एखादी बोट विकत घेतली की नवा मालक बहुधा आधी केबिनचं व्हार्निश खरवडायला घेतो. ते काम सगळ्यात शेवटचं. आधी पाणी कुठून आत येतं ते शोधायचं, आणि इथे पाणी म्हणजे पावसाचं पाणी.

लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात नीट वाढत नाही, गोड्या पाण्यात फोफावते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर ती वाढत नाही, तीस टक्क्यांच्या आसपास गेला की झपाट्याने पसरते. त्यामुळे पाण्याखालचा भाग ठणठणीत आणि डेकची कड भुसभुशीत, असंच चित्र बहुतेक बोटींत दिसतं. तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत: केबिनची भिंत डेकला मिळते तो सांधा, डेकच्या कडेची रुंद फळी, डेकखालच्या तुळयांची टोकं, मागच्या सपाट फळीचे वरचे दोन कोपरे, नाळेचं, म्हणजे बोटीच्या पुढच्या उभ्या तुळईचं, टोक, नांगराच्या साखळीचा कप्पा, आणि न्हाणीघर किंवा फ्रिजच्या मागची बंद जागा. वारा लागत नाही तिथे संशय धरायचा.

हत्यारं साधीच लागतात. लहान हातोडीने दर वीतभर अंतरावर ठोकत जा. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द. बद्द वाजलं तिथे बारीक टोच्या दाबून पाहा. मात्र रंगवलेल्या चांगल्या फळीवर उगाच शंभर भोकं पाडू नका, कारण तीही पाणी पिणार. ओलावा मोजायचं यंत्र खारावलेल्या लाकडात चढा आकडा दाखवतं. त्यामुळे आकड्यापेक्षा दोन जागांमधला फरक पाहा.

यानंतर खिळे-स्क्रू. ओकमध्ये आम्ल असतं आणि ते लोखंड खातं. गंजलेलं लोखंड उलटून भोवतालचं लाकूड काळंनिळं आणि मऊ करतं. ही खोड सागवानात फार कमी, कारण त्यात नैसर्गिक तेल असतं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं, १८१७ साली पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला उभं आहे, त्याचं मोठं श्रेय या लाकडाला जातं. तुमच्या बोटीत फळ्या सागवानी असल्या तरी बरगड्या ओकच्या असतील, म्हणून स्क्रू काढून पाहण्याला पर्याय नाही. कण्याला, म्हणजे तळाच्या मधल्या लांब तुळईला, लागून असलेली पहिली फळी, पाण्याच्या रेषेजवळचा पट्टा आणि इंजिनाच्या बैठकीजवळचा भाग, अशा तीन ठिकाणांहून दोन्ही बाजूंचे दोन-तीन स्क्रू काढा. डोकं शाबूत दिसलं म्हणून हुरळू नका. फळी आणि बरगडी जिथे टेकतात, तिथे स्क्रू कंबरेत झिजून सुतळीसारखा झालेला असतो. कण्याच्या बोल्टांचंही तेच: निदान दोन बोल्ट बाहेर काढून पाहायचे किंवा एक्स-रे काढून घ्यायचा.

बोट किनाऱ्यावर घेताना सगळं वजन कण्यावर पडलं पाहिजे. बाजूचे टेकू फक्त तोल सांभाळण्यापुरते. कण्याखाली दर पाच-सहा फुटांवर लाकडी ठोकळे द्या आणि नाळेपासून मागच्या टोकापर्यंत तार ताणून कणा सरळ आहे का ते मोजा. मधे उंच आणि टोकांना खाली वाकलेली बोट तशाच अवस्थेत नव्या फळ्या ठोकून पक्की केली, तर तो बाक कायमचा राहतो. जॅकने एका दिवसात सरळ करायलाही जाऊ नका. आठवड्याला काही मिलिमीटर, एवढ्याच बेताने.

बोटीवर छप्पर आणि सावली हवी, पण कोंडमारा नको. आत हीटर लावून ‘लवकर वाळवणं’ ही सगळ्यात महागात पडणारी चूक. फळ्या आकसतात, दरजा (फळ्यांमधल्या फटी) उघडतात, चांगल्या फळ्याही उभ्या तडकतात. उन्हाळ्यात बाहेरून ओली गोणपाटं लटकवा आणि तळाशी खारं पाणी शिंपडा.

बरगड्या बदलताना एकाआड एक घ्या, आणि डावी-उजवी बाजू आळीपाळीने. एका बाजूच्या सलग चार-पाच बरगड्या काढल्या तर बोटीचा आकारच सुटतो. वाकवायला ताजा, न वाळवलेला, सरळ रेषांचा ओक हवा. भट्टीत वाळवलेला ओक वाकवताना तुटतो. वाफेच्या पेटीत जाडीच्या दर इंचाला एक तास, हा हिशेब. पेटीतून काढल्यावर हातात अर्धं-एक मिनिट असतं, म्हणून शिकंजे आधी उघडून जागेवर ठेवा आणि निदान तीन माणसं घ्या.

फळी बदलताना जोडाची जागा नीट ठरवा. लगतच्या दोन फळ्यांच्या जोडांत सुमारे चार फूट अंतर ठेवा. एकाच बरगडीच्या रेषेत दोन जोड आले तर मधे तीन अखंड फळ्या असू द्या. मूळ बोटीत तांब्याचे चौकोनी खिळे आणि फुगीर चकत्या असतील तर तेच वापरा. बाहेरून एकाने जड लोखंड टेकवायचं, आतून दुसऱ्याने चकती बसवून खिळा कापायचा आणि हलक्या हाताने टोक पसरवायचं. जोराने ठोकलं तर खिळा लाकडात वाकतो आणि पकड जाते. स्क्रू असतील तर सिलिकॉन ब्राँझचे. पितळेचे स्क्रू पाण्याखाली चालत नाहीत, त्यातलं जस्त निघून जातं आणि उरलेला गुलाबी तांब्याचा भुगा बोटांनी मोडतो. पाण्याखालच्या जुन्या झडपा खरवडून हाच गुलाबी रंग दिसतो का ते पाहा. दिसला तर झडप बदला.

दरजांमध्ये कापसाची वात ठोकायची, वर प्रायमर, मग शेंदूर आणि जवसाच्या तेलाची पुट्टी. पुट्टी पृष्ठभागापेक्षा किंचित आत दबलेली हवी, कारण पाण्यात फळ्या फुगल्यावर ती बाहेर येणारच. वाळलेल्या बोटीत कापूस गच्च ठोकला किंवा दरजेत इपॉक्सी भरली, तर फुगणाऱ्या फळीला जागा उरत नाही. मग ती बरगडी तोडते किंवा स्क्रू उपटते. याच कारणासाठी अशा बोटीवर बाहेरून फायबरग्लास चढवू नये. दोन-चार वर्षं गळती थांबल्यासारखी वाटते आणि आतलं लाकूड ओलं राहून सडतं.

जुना रंग खरवडताना शिसं आहे असंच धरून चाला: ओलं घासायचं, चांगला मास्क लावायचा, भुकटी गोळा करायची. धुराड्याच्या पाइपावरचं जुनं पांढरं गुंडाळण ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याला हात न लावता परवानाधारक माणसाला बोलवा.

स्वतः झिजून बोटीच्या इतर धातूंचं रक्षण करणाऱ्या जस्ताच्या पट्ट्यांबद्दल मोठा गैरसमज आहे. ‘जास्त लावलं तर जास्त रक्षण’ हे लाकडी बोटीला लागू नाही. जस्त जास्त झालं की ब्राँझच्या भोवती अल्कली तयार होते आणि ती लाकडातला चिकटा विरघळवते. आतल्या बाजूला झडपेभोवती पांढरी पूड आणि लोकरीसारखं तंतुमय लाकूड दिसलं तर समजा, हेच चाललंय. जादा पट्ट्या काढा, त्या जागा व्हिनेगरच्या पाण्याने आणि मग गोड्या पाण्याने धुवा. पाण्यातल्या धातूचा विद्युतदाब चांदी-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडने मोजून उणे ५५० ते ६०० मिलिव्होल्टच्या आसपास राहा.

इंजिन गार्डनर या ब्रिटिश कंपनीचं असेल तर ते काढून नवं बसवण्याची घाई करू नका. मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्टमध्ये बनलेलं ६एलडब्ल्यू हे सहा सिलिंडरचं, ८.४ लिटरचं इंजिन संथ आणि दीर्घायुषी आहे. वर्षानुवर्षं बंद असेल तर इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा, दोन-तीन दिवस थांबा, मग डीकॉम्प्रेशनचे (सिलिंडरमधला दाब सोडणारे) खटके उघडून हाताने फिरवा. अडलं तर जोर लावू नका. डिझेलची टाकी आतून धुतल्याशिवाय पंपाला इंधन देऊ नका, तळाचा गाळ पंपात गेला की खर्च वाढतो. समुद्राचं पाणी फिरतं ते कूलर आणि एक्झॉस्ट उघडून पाहा, कारण इंजिनापेक्षा हेच आधी गळतात.

व्हार्निशची पाळी आता. सागवानावरचे काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातात, पण नंतर भरपूर पाण्याने धुवावं लागतं. पहिला हात निम्मा पातळ करून, दुसरा पाव भाग पातळ करून, मग निदान सहा हात पूर्ण जाडीचे, मधे २४० नंबरचा कागद. दुपार कलल्यावर हात देऊ नका, दव पडलं की चकाकी जाते.

नव्या सागवानासाठी म्यानमारच्या मालावर २०२१ पासून निर्बंध आहेत. जुन्या इमारतींतलं किंवा मोडलेल्या जहाजांतलं सागवान शोधा, नाहीतर फळ्यांसाठी इरोको हे आफ्रिकी लाकूड घ्या. काढलेल्या प्रत्येक तुकड्यावर नंबर घाला आणि फोटो काढा. बोटीचा मूळ आराखडा कोणी केला ते आणि मालकांची नावं शोधायला १८७८ ते १९८० या काळात छापले गेलेले लॉइड्सचे यॉट रजिस्टर कामाला येतात.

पाण्यात उतरवल्यावर बोट पहिली रात्र क्रेनच्या पट्ट्यांतच लटकू द्या. दोन विजेचे पंप आणि एक हातपंप तयार ठेवा. गळणार, आणि बहुतेक दरजा एक-दोन दिवसांत फुगून बंद होतील. इंजिन आणि पंख्याच्या शाफ्टची सरळ रेषा मात्र तेव्हाही जुळवू नका. बोट पाण्यात आठवडाभर स्थिरावू द्या, मग जोडणीच्या दोन चकत्यांमध्ये चारही बाजूंनी फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून मोजा. सहा इंची चकतीला सहा हजारांश इंच, म्हणजे ०.१५ मिलिमीटर, एवढाच फरक चालतो.