जीव मोलाचा आहे, हे मंडळीने कसं जपावं

देवाने माणसाला आपल्या प्रतिमेप्रमाणे घडवलं, हे संडे स्कूलमधलं लहान मूलही सांगतं. तरी ज्या घरात कुणी औषध पिऊन गेलं, किंवा लग्नाआधीच मुलीला दिवस गेले, त्या घरची माणसं पुढच्या रविवारपासून उपासनेला येणं बंद करतात. लोक काय म्हणतील, ही त्यांची भीती असते, आणि ते लोक म्हणजे आपणच. म्हणून जीव जपण्याचं काम मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, या लाजेपासूनच सुरू करावं, असं माझं ठाम मत आहे. पुढे लिहिलेलं महाराष्ट्रातल्या कोणत्याही पंथाच्या मंडळीला जमेल, मग ती वीस घरांची का असेना.

आधी दफनाचा ठराव करा

आत्महत्येने गेलेल्या माणसाचा विधी घाईत उरकायचा, घंटा वाजवायची नाही, दफनभूमीत कोपऱ्यातली जागा द्यायची, असं कुठेकुठे अजून चालतं. त्याला आता धर्मशास्त्राचाही आधार उरलेला नाही. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाकारलेला होता. १९८३ च्या संहितेत ती तरतूद वगळली गेली. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात तर गंभीर मानसिक त्रासामुळे माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशा व्यक्तीच्या तारणाची आशा सोडू नये, असं स्पष्ट म्हटलं आहे.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीने किंवा पॅरिश कौन्सिलने एक ओळीचा ठराव लिहून ठेवावा: मृत्यू कसाही आलेला असो, शवपेटी चर्चमध्ये येईल, गीतं म्हटली जातील, जागा रांगेतलीच मिळेल. हा ठराव घटना घडण्याआधी हवा. दारात प्रेत असताना वाद घालण्यासारखं क्रूर काही नाही.

दफनानंतर माणसं पांगतात आणि घर एकटं पडतं. महिला मंडळाने जेवणाचे डबे वाटून घ्यावेत. भेटायला जाल तेव्हा गेलेल्याचं नाव घ्या, त्याच्या आठवणी निघू द्या. ‘कसं केलं, चिठ्ठी होती का’ हे विचारू नका. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि उपदेशातही त्याचं वर्णन नको, कारण अशा वर्णनाने आधीच खचलेल्या दुसऱ्या कुणाला तीच वाट दिसते.

विचारायला शिका

मंडळीतली दोन-तीन शांत माणसं निवडा. त्यात एक बाई आणि एक तरुण हवाच, कारण सगळं पाळकसाहेबांना सांगता येत नाही. कुणी खचलेलं दिसलं तर त्यांनी सरळ विचारावं, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नये आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन लावून द्यावा. सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. पुढे डॉक्टरकडेही सोबत जावं.

‘तुझा विश्वास कमी पडला’ हे वाक्य मात्र कुणाच्याही तोंडून जाता कामा नये. बायबलमधला एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, आणि पुन्हा उठवून जेवायला घातलं. यापेक्षा चांगला धडा मला तरी माहीत नाही.

शेतकरी मंडळ्यांसाठी आणखी एक काम आहे. फवारणीचं औषध घरात, हाताशी ठेवू नये. कुलपाची पेटी घ्या आणि ती राहत्या घराबाहेर ठेवा. जीव द्यावासा वाटण्याची तीव्र लाट बहुतेकदा थोडा वेळच टिकते आणि कुलूप तेवढा वेळ मिळवून देतं. कुणी औषध घेतलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली बरोबर न्या. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. नोंद होते, जबाब घेतात, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ नाही.

दिवस गेलेल्या मुलीला दार उघडं ठेवा

केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदनात कृपासदन काढलं, ते समाजाने ‘बिघडलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी. त्या परंपरेचे म्हणवणाऱ्यांनी अशा मुलीला प्रभुभोजनापासून (उपासनेतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीपासून) दूर बसवावं, हे मला पटत नाही. गर्भपात नको म्हणायचं आणि बाळंतपणाला कुणी यायचं नाही, असं करून बाळ वाचत नाही. तिच्या तपासण्या, औषधं, राहायची सोय मंडळीने उचलावी.

कायदा मात्र पाळा. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पाळकालाही. बाळ सांभाळणं तिला शक्यच नसेल, तर ते बाल कल्याण समितीपुढे सोपवता येतं आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. ‘आमच्या ओळखीचं एक जोडपं आहे’ म्हणून परस्पर बाळ देणं गुन्हा आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. मुलाचे पेढे आणि मुलीची बर्फी हा फरक निदान चर्चच्या आवारात तरी बंद करा.

अंथरुणाला खिळलेले

प्रभुभोजन घरी नेता, तेव्हा पाच मिनिटांत परत फिरू नका. तरुण संघातल्या कुणी आठवड्यातून एक दुपार आजोबांपाशी बसावं, म्हणजे त्यांची सून बाजारात जाऊन येईल किंवा नुसती झोपेल. सेवा करणाऱ्याचाही जीव असतो.

खर्चाची ओळ

वार्षिक सभेच्या अंदाजपत्रकात या कामासाठी वेगळी रक्कम लिहा: रिक्षाभाडं, औषधं, पेट्या-कुलपं, डबे. हिशेब खजिनदाराकडे, पण मदत घेणाऱ्याचं नाव सभेत वाचायचं नाही.