टॉप-अप काढून देणी फेडायची? आधी मुदत बघा

पर्सनल लोनचा हप्ता 17 हजार, टॉप-अपचा, म्हणजे चालू घरकर्जावर वाढवून घेतलेल्या कर्जाचा, 5 हजार. बँकेतला माणूस हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून दाखवतो आणि समोरचा सही करून मोकळा होतो. तिसरा आकडा कागदावर येतच नाही.

तो असा. समजा 5 लाखांचं पर्सनल लोन 14 टक्क्यांनी चालू आहे आणि 3 वर्षं उरलीत. हप्ता 17,089 रुपये, शेवटपर्यंतचं व्याज साधारण 1 लाख 15 हजार. तेच 5 लाख घरकर्जावर 9 टक्क्यांनी टॉप-अप काढून 15 वर्षांवर नेले, तर हप्ता 5,071 होतो, पण व्याज 4 लाख 12 हजारांवर जातं. दर 5 टक्क्यांनी उतरला आणि व्याज साडेतीन पट झालं. मुदत 5 वर्षं ठेवली तर हप्ता 10,379 आणि व्याज 1 लाख 23 हजार, म्हणजे जवळपास जुन्याइतकंच.

मग मुदत तीच 3 वर्षं ठेवली तर? व्याजात 43 हजार वाचतात. त्यातून खर्च वजा करा. पर्सनल लोन मुदतीआधी बंद करायला 4 टक्के दंड आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरला तर 23,600 गेले. टॉप-अपची प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीची तपासणी), व्हॅल्युएशन (घराची किंमत ठरवणं), गहाणखताचा मुद्रांक मिळून 10 हजार धरा. हातात उरले 9 हजार. एवढ्यासाठी घर अडकवायचं का, हे घरात बसून ठरवा. महिन्याचा हप्ताच झेपत नसेल तर 5 वर्षांचं टॉप-अप समजण्यासारखं आहे. फक्त त्याला बचत म्हणू नका.

सगळी देणी एका मापाने मोजू नयेत. क्रेडिट कार्डाचं थकलेलं 1 लाख, महिना साडेतीन टक्क्यांनी, म्हणजे दरमहा 3,500 व्याज आणि त्यावर 630 जीएसटी. टॉप-अपवर तेवढ्याच रकमेचं पहिल्या महिन्याचं व्याज 750. इथे विचार करत बसू नये. पण कार्ड फेडल्यावर त्याची मर्यादा लेखी अर्ज देऊन कमी करून घ्या, नाहीतर दोन वर्षांत कार्डही भरलेलं आणि टॉप-अपही चालू.

सावकाराचं महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला 60 टक्के. ते आधी फेडावं, मात्र पैसे द्यायच्या आधी कोरे चेक, सह्या केलेले स्टॅम्प पेपर परत घ्या. तारण म्हणून खरेदीखत करून घेतलं असेल तर पैसे आणि उलट खरेदीखत (मालमत्ता परत तुमच्या नावावर करणारं) दोन्ही एकाच दिवशी, दुय्यम निबंधकाकडेच. महाराष्ट्र सावकारी अधिनियम 2014 खाली परवानाधारक सावकाराच्याही व्याजाला मर्यादा आहे. शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला 9 टक्के, विनातारण 12. इतरांना 15 आणि 18. त्याहून जास्त उकळत असेल किंवा परवानाच नसेल तर टॉप-अपच्या आधी तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार द्या.

पीककर्ज मात्र यात ओढू नका. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलतीमुळे शून्य टक्क्यावर येतं. ते 9 टक्क्यांच्या कर्जाने फेडून 15 वर्षं व्याज भरणं म्हणजे हाताने खिसा फाडणं.

जोखीमही बदलते. पर्सनल लोन थकलं तर बँक कोर्टात जाते, चकरा मारायला लावते. टॉप-अप घरावर बोजा असतो. 90 दिवस थकलं की खातं एनपीए (बुडीत खात्यात), मग सरफेसी कायद्याची (बँकेला कोर्टाशिवाय तारण वसूल करू देणारा कायदा) 60 दिवसांची नोटीस, त्यानंतर घराचा ताबा.

आपल्याकडे गाडी बहुतेकदा कागदांवर अडते. छत्रपती संभाजीनगर, जालना, नांदेडमधल्या गुंठेवारी प्लॉटवर (मंजूर लेआउट नसताना गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जागेवर) किंवा नुसत्या नमुना 8 वर (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी उताऱ्यावर) उभ्या घरावर मोठ्या बँका सहसा टॉप-अप देत नाहीत. हाउसिंग फायनान्स कंपन्या देतात, पण दर चढा. तो 12-13 टक्के असेल तर वरचं सगळं गणित कोसळतं, ते नव्याने मांडा. गुंठेवारी नियमित झाल्याचं प्रमाणपत्र आणि बांधकाम परवाना हाताशी असेल तरच चांगल्या दराची अपेक्षा धरा.

कमी दरासाठी घरकर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचा विचार असेल, तर बँक बदलण्याआधी आपल्याच बँकेला दर कमी करायचा अर्ज द्या. ऑक्टोबर 2019 च्या आधीचं फ्लोटिंग (बदलत्या दराचं) कर्ज अजून जुन्या पद्धतीवर असेल तर थोडी फी भरून ते रेपो दराशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याच्याशी) जोडून मिळतं. तरीही बदलायचंच ठरलं तर जुन्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज बंद करायला किती रक्कम लागेल ते पत्र) आणि जमा कागदपत्रांची यादी घ्या. फ्लोटिंग दराच्या घरकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. कोणी मागितला तर रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवा. नवीन बँकेचा चेक ज्या तारखेला निघतो त्या तारखेपासून व्याज सुरू होतं. तो टेबलाच्या खणात आठवडाभर पडला तर दोन्हीकडे व्याज चालू, म्हणून चेक त्याच दिवशी जमा करा. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत करणं बँकेला बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई.

सही करताना कर्जात हळूच घुसवलेला विमा शोधा. लोन कव्हरचा एकरकमी हप्ता कर्जात मिळवतात आणि मग त्याच्यावरही व्याज. तो सक्तीचा नाही.

पैसे खात्यात आले की त्याच दिवशी देणी फेडा. दोन दिवस राहिले तर निम्मे लग्नकार्यात जातात. प्रत्येक ठिकाणाहून नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचा दाखला) घ्या आणि दीड-दोन महिन्यांनी सिबिल रिपोर्ट काढून तिथे 'क्लोज्ड' लिहिलंय ना ते बघा. 'सेटल्ड' (म्हणजे कमी रकमेत तडजोड) दिसलं तर पुढचं कर्ज अवघड होईल.

सोयाबीन-कापसाचे पैसे येणाऱ्या घरांना एक सोय वापरता येते. टॉप-अप घेताना सोसेल एवढी मुदत ठेवा आणि दिवाळीच्या सुमारास लातूरच्या आडतीवरून पट्टी हातात आली की जमेल ती रक्कम टॉप-अपच्या खात्यात भरा. सोबत अर्ज द्या: 'हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा.' हे लिहून दिलं नाही तर काही बँका हप्ताच कमी करून टाकतात. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या, आणि महिनाभराने नवीन परतफेड तक्ता मागून शेवटची तारीख अलीकडे आली का ते तपासा.