हिपॅटायटिस सीच्या उपचारात हिमोग्लोबिन उतरलं तर काय करावं

भावाच्या औषधांचा तिसरा आठवडा होता. दोन जिने चढून आला आणि चपला न काढताच दारातल्या खुर्चीत बसला. धाप थांबायला पाच मिनिटं लागली. आम्हाला वाटलं, लिव्हर आणखी बिघडलं. लिव्हर होतं तसंच होतं, हिमोग्लोबिन मात्र 13 वरून 9.6 वर आलं होतं. मग धावपळ करत जे कळलं, ते क्रमाने सांगतो.

आधी डॉक्टरांची औषधाची चिठ्ठी वाचा. आज हिपॅटायटिस सीवर बहुतेकांना सोफोस्बुविरसोबत डॅक्लाटास्विर किंवा वेल्पाटास्विर मिळतं, बहुधा 12 आठवडे. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर ही औषधं मोफत आहेत. या गोळ्यांनी सहसा रक्त कमी होत नाही. रक्त कमी करतं ते रायबाविरिन. सिरॉसिस (लिव्हर घट्ट होऊन आक्रसणं) पुढे गेलेला असेल, पोटात पाणी झालं असेल किंवा आधीचा उपचार लागू पडला नसेल, तेव्हा ते जोडतात. ते तांबड्या पेशींत शिरून साठत जातं आणि एरवी सुमारे 120 दिवस जगणाऱ्या पेशी आधीच फुटतात. चिठ्ठीत रायबाविरिन नसताना हिमोग्लोबिन उतरत असेल, तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल: पाळीतला जास्त रक्तस्राव, किडनीचा आजार, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून होणारा रक्तस्राव.

रायबाविरिन सुरू करण्याआधी सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) करून घ्या. किडनी मंद असेल तर रायबाविरिन अंगात साठतं आणि रक्त जास्त उतरतं. हृदयविकार असेल तर आवर्जून सांगा. घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार असतील तर तेही सांगा. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल बरंच आढळतं, आणि अशा रुग्णांना रायबाविरिन देत नाहीत. ते गर्भालाही घातक आहे. औषध नवरा घेत असेल तर उपचारभर आणि त्यानंतरही निदान सहा महिने, बायको घेत असेल तर निदान नऊ महिने दिवस राहू देऊ नका. नेमका काळ डॉक्टरांकडून लिहून घ्या.

वही ठेवा. दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात सीबीसी करायची, नंतर डॉक्टर सांगतील तशी. मोठी घसरण याच पहिल्या महिन्यात होते. प्रत्येक आकड्यापुढे आठवडा लिहा. नुसता 11 बघून काही कळत नाही, तो 11.5 वरून आला की 15 वरून, यावर सगळं ठरतं.

आकडा उतरला की डॉक्टरांना कळवा, गोळी स्वतः बंद करू नका. हृदयविकार नसेल तर साधारणपणे 10 च्या खाली रायबाविरिनचा डोस दिवसाला 600 मिलिग्रॅमवर आणतात आणि 8.5 च्या खाली ते थांबवतात. हृदयविकार असेल तर चार आठवड्यांत 2 ने घट झाली तरी डोस कमी करतात. भावाच्या सकाळी दोन, रात्री तीन कॅप्सूल होत्या. त्या सकाळी एक, रात्री दोन झाल्या. त्याला वाटलं, आता उपचार वाया जाणार. तसं होत नाही. कमी होतं ते फक्त रायबाविरिन. विषाणू मारणाऱ्या मुख्य गोळ्या एकही दिवस न चुकवता चालू ठेवायच्या. कमी केल्यावर दुसऱ्याच दिवशी हुशारी येईल अशीही अपेक्षा नको, कारण हे औषध शरीरातून जायला कित्येक आठवडे लागतात.

रक्तवाढीच्या गोळ्या आपल्या मनाने आणू नका. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे. रक्त कमी म्हटलं की आपल्याकडे लगेच लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक येतं. आमच्याकडेही आलं, मावशी प्रेमानेच घेऊन आली होती. पण इथे लोह कमी पडलेलं नसतं. पेशी फुटल्या तरी त्यांतलं लोह शरीरातच राहतं, आणि जास्तीचं लोह आजारी लिव्हरमध्येच साठू शकतं. शिवाय लोहाच्या गोळीने शौच काळी होते. सिरॉसिसमध्ये काळी शौच ही आतल्या रक्तस्रावाची खूण; गोळीमुळे ती खूण झाकली जाते. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून लोह खरंच कमी निघालं, तरच डॉक्टर देतील तेवढं घ्यायचं. बीट, डाळिंब खुशाल खा, पण त्याने ही घसरण थांबणार नाही.

मधुमेह असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. पेशी लवकर फुटत असल्याने एचबीए1सीचा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) आकडा खोटाच चांगला दिसतो. या काळात बोटातून रक्त घेऊन केलेली साखर धरून चाला.

घरात रायबाविरिन जेवणासोबत द्या. आंघोळीला स्टूल ठेवा, उठताना आधी पलंगाच्या काठावर बसू द्या, वरच्या मजल्यावरची कामं दुसऱ्याने करा. अंग दुखलं म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नका, त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. डोळे थोडे पिवळे झाले तर ते पेशी फुटल्यामुळेही असू शकतं, पण ठरवायचं डॉक्टरांनी, रिपोर्ट पाहून.

छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, चक्कर येऊन पडणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, बोलण्यात गोंधळ: यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता, रात्र असली तरी दवाखाना गाठा.

रायबाविरिन संपल्यावर हिमोग्लोबिन बहुतेकांचं एक-दोन महिन्यांत मूळ पदावर येतं. विषाणू गेला की नाही याची तपासणी औषधं संपल्यावर 12 आठवड्यांनी असते. त्याच दिवशी सीबीसीही करून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावरच्या आकड्याशी ताडून पाहा. अजून खालीच असेल तर दोष रायबाविरिनवर टाकून गप्प बसू नका, डॉक्टरांना दुसरं कारण शोधायला सांगा.