अबुधाबी की जुबैल: होकार कळवण्याआधीची तयारी

कोयलीची रिफायनरी, नंदेसरीचे केमिकल कारखाने, मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतली वर्कशॉप्स. इथे आठ-दहा वर्षं काम केलेल्या माणसाला आखातातून बोलावणं येणं बडोद्यात नवं नाही. कधी कधी दोन ऑफर एकदमच येतात, एक अमिरातीतली, समजा अबुधाबीची, आणि एक सौदीतली, समजा जुबैलची. मग घरात चर्चा सुरू होते ती दिरहम मोठा की रियाल. त्यात वेळ घालवू नका. दोन्ही चलनं डॉलरला बांधलेली आहेत, दिरहम ३.६७२५ ला आणि रियाल ३.७५ ला, दोघांत जेमतेम दोन टक्क्यांचा फरक. त्याआधी एकच गोष्ट ठरवा: बायको-मुलं बरोबर येणार की बडोद्यातच राहणार. हे ठरल्याशिवाय दोन ऑफरांची तुलना होऊच शकत नाही.

का, ते बघा. सौदीत खाजगी नोकरीतल्या परदेशी माणसाला बरोबर आणलेल्या प्रत्येक कुटुंबीयामागे महिना ४०० रियाल सरकारी शुल्क भरावं लागतं. २०१७ मध्ये ते १०० होतं, दरवर्षी वाढत २०२० मध्ये ४०० वर गेलं. बायको आणि दोन मुलं म्हणजे वर्षाला १४,४०० रियाल. हे पैसे कंपनी देणार की तुम्ही, हा प्रश्न एचआरला ईमेलवर विचारा आणि उत्तरही ईमेलवरच घ्या. फोनवरचं ‘बघू या, करू काहीतरी’ धरू नका. सौदीत व्हॅट १५ टक्के आहे, अमिरातीत ५, तेव्हा महिन्याचा किराणाही त्या हिशेबाने धरा.

अमिरातीत माणशी असं शुल्क नाही. कुटुंबाला बोलावायला ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि कंपनीचं घर, एवढं पुरतं. पण तिथे भाडं आणि शाळा जड जातात. भाडं बहुधा वर्षाचं ठरतं आणि थोड्याच चेकमध्ये आगाऊ द्यावं लागतं, म्हणजे पहिल्या पगाराच्या आधीच हातात मोठी रक्कम हवी. कामाची जागाही नीट विचारून घ्या. ऑफरवर नुसतं अबुधाबी लिहिलेलं असतं आणि प्लांट निघतो रुवैसला, शहरापासून साधारण २४० किलोमीटर पश्चिमेला. बायको सहा महिने इथे, सहा महिने तिथे असं करणार असेल तर लक्षात ठेवा, सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास अमिरातीचा रहिवासी व्हिसा रद्द होऊ शकतो. सौदीतून सुट्टीवर येताना एक्झिट-रीएंट्री व्हिसा, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची परवानगी, लागतो.

आता कागद घ्या आणि दोन्ही ऑफर लेटरांतला बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगाराचा, आकडा अधोरेखित करा. माझ्या मते अख्ख्या लेटरात सगळ्यात मोलाचा आकडा हाच, आणि आपले लोक नेमका तोच सोडून खालची बेरीज वाचतात. एक उदाहरण मांडतो. अबुधाबीची ऑफर एकूण १४,००० दिरहम, त्यात बेसिक ६,०००. जुबैलची एकूण १३,००० रियाल, घरभाडं आणि वाहन भत्ता धरून. डॉलरमध्ये अबुधाबी महिन्याला साधारण ३४५ ने पुढे. पण नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी अमिरातीत बेसिकवर निघते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक. तीन वर्षांचे झाले १२,६०० दिरहम. सौदीत ती भत्त्यांसकट शेवटच्या पगारावर निघते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला अर्धा महिना. तीन वर्षांचे १९,५०० रियाल. मात्र हे करार पुरा केलात किंवा कंपनीनेच काढलं तर. दोन ते पाच वर्षांच्या मध्ये स्वतःहून राजीनामा दिलात तर तिथे एक तृतीयांशच मिळते, म्हणजे ६,५००. आणि दोन वर्षांच्या आत सोडलंत तर काहीच नाही. अमिरातीच्या २०२१ च्या कायद्यात एक वर्ष भरलं की राजीनामा दिला तरी कपात नाही. तेव्हा स्वतःलाच विचारा, तुमचा पिंड एका जागी टिकणाऱ्याचा आहे की दोन वर्षांत दुसरं बघणाऱ्याचा. अमिरातीत नोकरी गेल्यास विम्यातून तीन महिन्यांपर्यंत जी भरपाई मिळते, तीही बेसिकच्या ६० टक्के. तेव्हा एकूण पगार तेवढाच ठेवून बेसिक वाढवून मागा. कंपनीला महिन्याचा खर्च वाढत नाही, म्हणून ही मागणी मान्य होण्याची शक्यता बरी असते.

सुट्टी कायद्याने अमिरातीत वर्षाला ३० दिवस, सौदीत २१. पाच वर्षांनंतर तिथेही ३०. प्रोबेशन, नोटीस आणि विमानाचं तिकीट दर वर्षी की दोन वर्षांनी, हे दोन्हीकडचं लिहून ठेवा. अबुधाबीला अहमदाबादहून थेट विमान आहे. जुबैलसाठी दम्मामला उतरावं लागतं, तेव्हा मुंबईमार्गे जाण्याचा खर्च आणि वेळ धरा.

कागदपत्रांचं काम होकाराची वाट न बघता सुरू करा, कारण सगळ्यात जास्त दिवस तिथेच जातात. डिग्री सयाजीराव विद्यापीठाची असेल तर आधी मार्कशीटवरचं, डिग्रीवरचं आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा. आपल्याकडे जन्मदाखला गुजरातीत, लग्नाचा दाखला महानगरपालिकेचा, शाळेत वडिलांचं नाव एका तऱ्हेने आणि पासपोर्टवर दुसऱ्याच तऱ्हेने, असं फार घरांत असतं. मराठी आडनावाची स्पेलिंगं तर कागदागणिक बदलतात. हे इथे असतानाच दुरुस्त होतं. तिथून करायला गेलात तर आई-वडिलांना कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. सौदी डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल करारात, म्हणजे एका देशाने प्रमाणित केलेला कागद दुसऱ्याने मानायच्या करारात, आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. अमिराती त्या करारात नाही, तिथे मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्यांच्या दूतावासाचाही शिक्का लागतो. सौदीत इंजिनिअर म्हणून जाणार असाल तर तिथल्या इंजिनिअर्स कौन्सिलची नोंदणी वेगळी. व्हिसावर पदनाम काय लिहिणार ते आधी विचारा.

सौदीचा व्हिसा लागण्याआधी ठरलेल्या केंद्रातच वैद्यकीय तपासणी होते. लहानपणी टीबी होऊन गेला असेल तर छातीच्या एक्स-रेत जुना डाग दिसू शकतो आणि तेवढ्यावर अनफिट शेरा मिळू शकतो. म्हणून इथल्या नोकरीचा राजीनामा देण्याआधीच आपल्या डॉक्टरांकडून एक एक्स-रे काढून घ्या.

एजंट मध्ये असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी तपासा. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, आणि पावती द्यावी लागते. व्हिसाचा खर्च दोन्ही देशांत कायद्याने कंपनीचा आहे. ‘आधी व्हिजिट व्हिसावर या, मग बदलून देतो’ असं कुणी म्हटलं की ती ऑफर तिथेच सोडा. यात मी कुणाचीही गय करणार नाही, मग तो ओळखीतला का असेना. घरातला कुणी दहावी न झालेला फिटर-वेल्डर जाणार असेल तर त्याच्या पासपोर्टला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाण्याची सरकारी परवानगी, लागतो आणि प्रवासी भारतीय विमाही काढावा लागतो. १० लाखांचं संरक्षण आहे, हप्ता दोन वर्षांचा २७५ रुपये.

रुजू होण्याची तारीख आपल्या हातात असेल तर कराकडे बघून ठरवा. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याचं त्या आर्थिक वर्षातलं भारतातलं राहणं १८२ दिवसांच्या आत असेल तर तो अनिवासी ठरतो आणि तिकडच्या पगारावर इथे कर लागत नाही. एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरच्या आत निघायला हवं. पुढे दिवाळीला आलात तर तेही दिवस धरले जातात, तेव्हा थोडं आधीच निघालेलं बरं. जाण्याआधी बँकेत सांगून बचत खातं एनआरओ (अनिवासी माणसाचं इथल्या कमाईसाठीचं खातं) करून घ्या आणि तिकडचा पगार पाठवायला एनआरई खातं उघडा. एनआरईच्या व्याजावर इथे कर नाही. घराच्या आणि बँकेच्या कामांसाठी विश्वासातल्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र इथेच करून ठेवा, तिथून ते कॉन्सुलेटमार्फत करावं लागतं. आई-वडिलांच्या मेडिक्लेमचे हप्ते तुमच्याच खात्यातून जातील असं बघा.

मुलांच्या मनाचाही विचार व्हावा. अबुधाबीत महाराष्ट्र मंडळ आहे, २०२४ पासून मोठं मंदिर आहे, गणपती चारचौघांत बसतो. सौदीत पूजा घराच्या चार भिंतींच्या आत. काहींना याचं काही वाटत नाही, काहींना पहिल्याच भाद्रपदात जड जातं. बायकोशी हे बोलल्याशिवाय सही करू नका.

सामान भरताना आजी प्रेमाने देईल ते डबे एकदा उघडून बघा. खसखस दोन्ही देशांत बंदी असलेल्या मालात मोडते, म्हणजे अनारसे न्यायचे तर खसखशीशिवाय केलेले. खोकल्याचं कोडीनवालं औषधही आधी परवानगी घेतल्याशिवाय नेऊ नका. रोजच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा. आणि व्हिसा हातात येईपर्यंत दुसऱ्या कंपनीला नकार कळवू नका. ती उत्तराची घाई करत असेल तर मुदत वाढवून मागा, बहुतेक देतात.